कोरडा पंप

मला आवाजावरून कळतं.
जाळीपाशी कान नेला की सांगतो,
बुशिंग गेलंय, पातं घासतंय,
की टाकीतलं पाणी संपून
पंप नुसती हवा ओढून राहिला.
इंदोऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत लोक म्हणतात,
तिरपुडेला बोलवा,
कूलर उघडायच्या आधी रोग सांगतो.

आणि माझ्या घरात
खेमा तीन महिने खोकत होती.

सात वर्षांची. एक मूत्रपिंड जन्मापासून लहान,
म्हणून रक्तदाब म्हाताऱ्याचा.
मेडिकलमध्ये पहिल्यांदा पट्टा बांधला
तो तिच्या दंडाला दोनदा गुंडाळला गेला.
सिस्टर म्हणाल्या, थांबा, लहान पट्टा शोधते.
तासभर आम्ही बाकावर बसून राहिलो,
मोठ्या पट्ट्यानं आकडा चुकवला असेल या आशेवर.
चुकवलाच होता.
लहान पट्ट्यानं आणखी वाढवून सांगितला.

गोळी मोठ्या माणसांच्या मापाची.
स्टीलच्या ताटलीत ब्लेडनं चिरायचो,
अर्धी, मग पाव,
भुगा बोटानं टिपून मधात.
कण सांडला तर करुणा बघायची
जशी मी शंभराची नोट फाडली.

खोकला फेब्रुवारीत आला.
कफ नाही, ताप नाही, नाक कोरडं.
दिवसा खेळण्यात विसरायची,
रात्री दीड वाजता सुरू.
ढोकेबाई म्हणाल्या, कोराडीची राख आहे बाप्पा,
खिडक्या लावा.
खिडक्या लावल्या. संत्री बंद, दही बंद,
शाळेच्या फाटकावरचा बर्फगोळा तर कधीच बंद.
हळद रोज. उशीची रुई बदलली.
आई म्हणाली, दृष्ट असेल,
मग स्वतःच म्हणाली, आपण मानत नाही ना ते.

मे लागला, पारा पंचेचाळीसवर,
तेव्हा संशय माझ्या धंद्यावर आला.
ओली खस. शेवाळ. टाकीतला वास.
मी घरचा कूलर उतरवून अंगणात ठेवला.
दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्यांत गारवा बसवायचा
आणि रात्री गच्चीवर
ओल्या चादरीखाली तिघांनी भाजायचं.
तिथंही ती खोकली.
आता वरून सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं.

डॉक्टर वैरागडे नवीन होत्या, केसात पेन खोचलेलं.
छातीला नळी लावून खूप वेळ गप्प.
छाती साफ आहे, म्हणाल्या.
गोळी कोणती चालू आहे?
म्हटलं, ती तर बीपीची, मॅडम.
हो, तीच विचारतेय. कधीपासून?
जानेवारीपासून.

काहींना त्यानं कोरडा खोकला होतो.
मुलांमध्ये क्वचित.

क्वचित,
असं म्हणाल्या जणू त्यांनीच काही सांडलं.
माझ्या मनात आलं, पुडी इथेच कचऱ्यात टाकावी.
त्यांनी ते वाचलं असावं.
तुम्ही काही बंद करायचं नाही, मी बदलून देते.
जायला महिनाही लागेल.
आणि या नव्या गोळीत घोटे बघत राहा, हिरड्या बघा.

स्कूटर अशोक चौकातच थांबवली,
सिग्नल हिरवा होता.
गिऱ्हाइकाकडे गेलो की माझा पहिला प्रश्न असतो,
बिघडायच्या आधी यात नवीन काय बसवलं?
बावीस वर्षं विचारतो आहे.
घरी सुचला नाही.
मागून खेमा म्हणाली, बाबा, काऊन थांबला?

नवतपा लागला त्या आठवड्यात
कूलर परत खिडकीत चढवला.
एका रात्री दचकून उठलो.
दीड वाजलेला. करुणाही बसलेली.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
काहीतरी झालं होतं आणि कळत नव्हतं काय.

खोकला नव्हता.

मी उठलो, कूलरचं बटण बंद केलं,
पातं थांबेपर्यंत उभा राहिलो.
मग वाकून तिच्या नाकापाशी कान नेला.
आत, बाहेर. आत, बाहेर.
कुठंच घासत नव्हतं.

डोळे मिटूनच ती पुटपुटली,
बाबा, लाव ना, गरम होऊन राहिलं.