तेरा पापुद्रे

फैजपूरच्या पोस्टात माझ्या नावाच्या नळकांड्या येतात.
झांबरे त्या सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधून आणतो,
दर वेळी विचारतो, "मास्तर, बंदूक का आत?"
मी म्हणतो, "बाई आहे, पोलंडची.
डोक्याच्या जागी कोबी काढलाय तिला."
तो मान हलवतो, केळीचे भाव सांगतो, जातो.

एकोणतीस वर्षं झाली याला.
क्यूबाचं आहे, त्यात फक्त छत्री,
छत्रीखाली कुणी नाही.
जपानचं आहे, उभं, अरुंद, न्हाणीच्या पडद्यासारखं.
घानाचं तर कागदच नाही, पिठाच्या पोत्यावर रंगवलंय,
पहिल्या दिवशी उलगडलं तेव्हा
नाकाला पीठ लागल्याचा भास झाला.
प्रागहून आलेल्या एकाच्या पाठीवर
कुणा पोरानं शिसपेन्सिलीनं भागाकार केलाय.
बाकी सात उरते, त्यानं नऊ धरलीय.
छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी,
तरी खोडरबर हातात घेऊन परत ठेवलं.

यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही.
पाहायचाही नाही.
"लवकरच येत आहे" एवढंच लिहिलेलं असतं प्रत्येकावर,
मला न येणाऱ्या लिपीत.
तेवढं मला वाचता येतं.

वैशाखात कपाट इतकं तापतं
की सिंधू म्हणते, भरताची वांगी आतच ठेवते,
चूल कशाला पेटवायची?

गेल्या पौषात यावल रस्त्यावरचं टॉकीज पाडलं.
भंगाळ्यांनी सांगितलं, सायकलस्टँडकडची भिंत
दुपारपर्यंत तुमची, मग जेसीबीची.
फवारणीचा पंप नेला, उलथनं नेलं.
भिंतीवरून सुटून आली ती फळीच,
अंगठ्याएवढी जाड,
एकावर एक, एकावर एक चिकटलेली.
कडेवरून मोजले पापुद्रे. तेरा.

अंगणात जस्ताची परात मांडली.
कोमट पाणी, टीपकागद, एका थराला तीन दिवस,
सगळं वहीत लिहून ठेवलं होतं.
मग वाटलं, आधी सायबू तडवीला बोलवावं.

सायबू आला. ऐंशीचा असेल, बोटं अजून राठ.
आधी जग दाखवलं त्याला, एकेक, हातमोजे घालून.
त्यानं मुकाट्यानं पाहिलं. पाणी प्यायला.
"चांगले हायेत," म्हणाला,
"पन लावलेलं एक बी नाही.
कोरेच ऱ्हायले बिचारे."

मी हातमोजे काढले.

फळी त्यानं नाकाशी धरली.
"चिंचोक्याची खळ. मोरचूद जास्त पडलंय. माझीच."
मग डोळे मिटून कडेवरून नख फिरवत गेला,
जसं कुणी वही चाळावी.
हे तीन दिवसांत उतरलं.
हे दोनदा आलं, दुसऱ्यांदा पोरं जास्त होती.
याच्या रात्री प्रोजेक्टर जळाला,
मालकानं पैसे परत दिले नाहीत, दगड पडले.
नख थांबलं.
"हे लावत होतो तं निरोप आला, रोशन झाली.
घाईत सुरकुती ऱ्हायली. बघ, अठी."

मी बोट ठेवलं.
होती. तांदळाएवढी.

"सोडवू का? दिसेल कोणतं होतं ते."
"सोडव की भो," सायबू म्हणाला.
"पन पान्यात सुरकुती ऱ्हाईन का?"

परातीत आता साळुंक्या अंघोळ करतात.
फळी क्यूबा आणि जपानच्या मधे आहे, त्यामुळे
कपाटाचं दार नीट लागत नाही.
नोंदवहीत क्रमांक चारशे बारा.
नाव: माहीत नाही. देश: फैजपूर.
स्थितीच्या रकान्यात
बराच वेळ काही सुचलं नाही,
शेवटी "चिकटलेलं" असं लिहिलं.

त्या दिवशी निघताना सायबूनं फळीवर तळवा ठेवला
आणि फिरवला,
मधून कडेकडे,
मधून कडेकडे,
हवा निघून जावी म्हणून.