काटा

उद्यमनगरात अल्लाबक्ष शिकलगारानं
पत्र्याची पट्टी माझ्यासमोर धरली,
तीन गोल भोकांची.
"तीनाच्या खाली पट्टी येत न्हाई, मालक."
माझ्याकडं डायल दोनच.
एक ऑइल प्रेशरचं, एक टेंपरेचरचं,
भंगारातल्या मॅटाडोरची, दोन्ही बिनविजेची,
काच राखेनं घासून आणलेली.

गाडी अठ्ठ्याऐंशीची पद्मिनी.
तिच्यातला टेंपरेचरचा काटा कधीचा निजलाय,
आणि ऑइलसाठी नुसता लाल दिवा,
तो लागतो तेव्हा
सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.
दिव्याशी माझं जमत नाही.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होतो,
काट्याचा माणूस.

ब्लॉकचे आटे आणि नळीचे आटे जुळेनात.
शेजारच्या लेथवर पितळेची टी कातून घेतली,
चहा येईपर्यंत झालीसुद्धा.
तांब्याची नळी, शेवईएवढी बारीक,
रबरातून आत घेतली, स्टिअरिंगखालून वर.
म्हणजे इंजिनचं खरं तेल आता
माझ्या गुडघ्याशेजारी येऊन थांबतं.
हे ऐकून शालननं साडी आवरून घेतली.

सुरू केली की काटा साठावर उडी मारतो,
मग चाळिसाला टेकतो.
कावळा नाक्याच्या सिग्नलला पंधरा!
मागून हॉर्न, रिक्षावाल्याच्या शिव्या,
मी गाडी बंद करून शिकलगारला फोन लावला.
"तेल तापलं की पातळ हुतंय, मालक.
कढईतलं कधी बघितलं न्हाई काय?"

म्हणजे बारा वर्षं
ती या सिग्नलला अशीच पंधरावर येत असणार,
आणि मी खिडकीत कोपर टेकून
शीळ घालत होतो.

"कळत नव्हतं तवा झोप तरी लागायची तुम्हाला,"
शालन म्हणाली.
आता रात्री दोनला उठून मी तिला विचारतो,
घरी येताना किती होता गं?

खरं सांगायचं तर झोप आधीही नव्हती.
नव्या पोराला मी शिकवायचो, काटा थांबू दे,
थांबतोच तो, दोन श्वास पुरे.
आणि स्वतः, दिवाळीच्या तोंडावर,
गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत,
काटा डुलत असतानाच आकडा ओरडायचो.
लिहिणारा लिहायचा.
डुलणारा काटा कधी वर, कधी खाली,
वर्षाअखेर सगळं सारखंच होत असेल, म्हणायचो.
पण मी ओरडायचो तो
खाली असतानाच.
एका रव्याला पावशेर, कधी तेवढंही नाही.
कुणी काही बोललं नाही.
गूळ कुणाचा होता तेही आता आठवत नाही,
हात आठवतात, रवा ठेवून
बाजूला झालेले.

तिसरं भोक तसंच होतं.
आतल्या लाल-पिवळ्या वायरी दिसायच्या,
ऑपरेशन अर्धं टाकून डॉक्टर जेवायला गेल्यासारखं.
शालननं तिची सुपारीची पितळी डबी काढली,
दाबली. बरोब्बर बसली.
शिकलगार म्हणाला, "वयनी, ह्याला बल्ब बसवू काय?"

रविवारी पन्हाळ्याला निघालो.
वाघबिळापर्यंत ठीक.
पुढं चढाला टेंपरेचर नव्वद, पंच्याण्णव,
शालन आकडे वाचत होती, मी रस्ता.
शंभराला थांबलो.
बॉनेट उघडून दोघं कठड्यावर बसलो.
खाली उसाचं हिरवं, मधे कुठंतरी गुऱ्हाळाचा धूर.
दर दोन मिनिटांनी उठून बघायचं.
अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
काट्याला कुणाचीच घाई नव्हती,
आणि मागं रांगही नव्हती.

ऐंशीला आल्यावर मी विचारलं, "आणि तिसरा?"
तिनं डबी ओढून काढली, हलवली,
तुकडे तळाला बसेपर्यंत थांबली.
"अर्धी," म्हणाली.
मग झाकण काढून पुन्हा बघितलं.
"अर्ध्याला जरा कमी."