वापरात : एक

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, शटरं खाली, गटारीच्या कडेनं जळकी काळी वाळू,
आणि चहाच्या गाड्याखाली झोपलेलं एक कुत्रं.
हिंदुरावशेठ मला नेमकं याच दिवशी बोलावतात.
"भट्टीचा आकडा दिसंना झालाय बघ कॉम्प्युटरवर.
उद्या सातला ओतकाम हाय."

रात्री लाइट गेली, आली,
आणि मशीन नव्या गाभ्यावर उठलं.
जुना मॉड्यूल दारात उभा,
हातात मागच्या आवृत्तीचा पास.
गाभा म्हणाला, तुझा माझा मेळ नाही.
एका ओळीत. भांडण नाही.

बाबालाल मुजावर, पॅटर्नमिस्त्री,
सुट्टीतही सागाच्या तुकड्यावर रंधा मारत बसलेले,
विचारतात, "गाभा म्हंजे? आमचा कोर?"
थोडा तसा, म्हटलं, थोडा उलटा.
तुमचा वाळूचा. धातू थिजला की फोडून काढायचा
आणि त्याची पोकळी तेवढी ठेवायची.
आमचा चालू असताना फोडायचा नाही,
पण चालत्यातच त्याला नवा भाग जोडता येतो.
"चालत्या लेथचा चक बदलाय लागलीस की," म्हणाले,
आणि डाव्या हाताची अर्धी तर्जनी
टेबलाखाली घेतली.

फाइलीत वरच नाव :
लेखक, विजयमाला आवळे. दोन हजार चौदा.
मी तिला पाहिलेलं नाही.
कुणी म्हणतं हुबळीला दिली,
कुणी म्हणतं बंगळूरला नोकरी.
जे जे मागून घेतलं ते तिनं परत केलंय,
उलट्या क्रमानं, शेवटचं आधी,
शेजारणीची भांडी घासून द्यावीत तसं.
मध्येच एक टीप, रोमन अक्षरांत मराठी :
इथे चुकलं तर अख्खं मशीन बसतं.
घाई असेल तर आधी चहा पिऊन ये.

मी चहा पिऊन आले.

मग हेडर्स उतरवले, मेक चालवलं.
अकरा तक्रारी. दहा नुसत्या कुरकुरी, एक खरी.
एका फंक्शनला पूर्वी दोन गोष्टी सांगाव्या लागत :
मी कोण, आणि माझं नाव काय.
नव्या गाभ्याला नुसतं नाव पुरतं.
तिचा "मी" खोडला.
पुन्हा मेक.

इन्समॉड. एंटर.
काहीच झालं नाही.
आमच्या धंद्यात यश असंच येतं,
पुढची रिकामी ओळ मुकाट उभी राहते.
लॉगमध्ये मात्र गाभ्यानं लिहून ठेवलं :
बाहेरचा आत घेतला, डाग लागला.
मॉड्यूल काढला तरी तो डाग जात नाही,
मशीन बंद करेपर्यंत.

भट्टी : तेहतीस अंश.
थंड भट्टीचा खरा आकडा.

तेव्हा आठवलं, लेखकाच्या ओळीखाली
माझं नाव घालायचं राहिलं.
घातलं. पुन्हा बांधला. आता आतला काढून हा बसवायचा,
दोन सेकंदांचं काम.
गाभा म्हणाला, निघत नाही. वापरात आहे.
यादी पाहिली. वापरात : एक.

कोण? सगळं तर मीच बंद केलेलं.
शोधत गेले, तर एक जुना प्रोग्राम,
तिच्याच हातचा, कुठल्याच कागदावर नसलेला,
रात्रभर दर पाच सेकंदांनी दार वाजवत होता.
उघडलं तसा आत जाऊन बसला.
त्याची वायर छतावरून
पॅटर्नच्या खोलीत उतरते,
लाल दिव्यांच्या चार खणांत.

रंधा थांबला.
"आलं व्हय? तेहतीस."
मग जरा वेळानं,
"त्या पोरीनं लावून दिल्यालं. शेठला ठावं न्हाई.
भट्टीचा रंग आता माझ्या डोळ्यास्नी कळत न्हाई."

जबरदस्तीनं काढायचाही एक मार्ग असतो.
मी लॅपटॉप मिटला.
माझं नाव डिस्कवर आहे, पुढच्या लाइट जाण्याची वाट बघत.
गाभ्यात अजून तिचंच.

शेठना फोन केला, उद्या सातला चालेल.
बाबालालनी भुसा फुंकला
आणि तुकडा उजेडाकडे धरला,
डोळ्यांच्या अगदी जवळ.