हजेरी

मोहोळ मागं पडलं की सीनेकडं उतरतो तो रस्ता.
त्यावर माझी गाडी चारदा पंक्चर झाली
आणि चारही वेळा ती ढकलत मी ठरवलं,
कासारखेडची मंडळी आता बंद करायची.
सात गावं माझ्याकडं; इथल्या वाट्याला महिन्याचा एक रविवार.
बाकीचे रविवार शिलास गोविंदा खिलारे यांचे.

चर्चपुढच्या लिंबाला रुळाचा हातभर तुकडा,
बार्शीची छोटी लाईन उखडली तेव्हा कुणी आणलेला.
साडेआठला त्यावर नऊ टोले.
नऊच का, ते काकांना ठाऊक नव्हतं. वडील नऊ वाजवायचे.
त्या आवाजावर बिराजदार दुकानात दुसरा चहा टाकायचा,
मुलाण्याची सून पोरांना न्हाणीत ढकलायची.
आत मग पेटी उघडायची. तीन पट्ट्या मुक्या.
गाण्यात ते सूर आले की काका खोकून जागा भरत,
आणि उशिरा येणाऱ्याकडं असं बघत
की माणूस पुढच्या रविवारी येईनासाच व्हावा.
काही झालेही.

लाल पुठ्ठ्याची वही होती. तारीख. अर्पण. हजेरी.
अर्पण: ज्वारी दोन मुठी. अंडी तीन. एकदा नुसतंच ‘शेवगा’.
मी नवा आलो तेव्हा हजेरी एकतीस.
पोरं चादरीच्या कारखान्यांत गेली,
कारखाने बसले तशी पुण्याला गेली.
बावीस. चौदा.
मार्थाकाकू वारल्या त्या आठवड्यात नऊ.
मग पाच. पाच बरेच दिवस टिकले.
मग एकदम दोन,
सगळा उन्हाळा दोन.

‘दुसरं कोण येतं, काका?’
त्यांनी मागच्या भिंतीकडं हनुवटी केली.
भिंतीपलीकडं बाभळ, बाभळीखाली काकूंची माती.
‘धा पावलं बी न्हाई, साहेब. समदं ऐकू जातंय तिला.’

मी तेव्हा तिशीत. शास्त्र शिकून आलेला.
म्हणालो, मेलेल्यांची हजेरी लावत नसतात.
‘बरं,’ म्हणाले. माठातलं पाणी दिलं.
पुढच्या महिन्यात वही उघडली: एक, एक, एक.
घरात खोडरबर नसावं.
दाढीच्या पात्यानं खरवडून काढला होता
मागचा प्रत्येक दोन.
मी काही बोललो नाही. खाली सही केली.

एप्रिलातला एक रविवार, माझा नव्हता तो.
टोले पडले चार.
बिराजदार पातेलं गॅसवर तसंच टाकून धावला.
हातोडी हातात होती, म्हणाला, आणि टोपी नीट.
शवपेटी शाळेच्या मोडक्या बाकांची झाली;
एका फळीवर करकटकानं कोरलेलं कुणा पोराचं नाव
मोरांची चादर घातल्यावर झाकलं गेलं.
मुलाण्याच्या पोरांनी काकूंशेजारी खणलं.
चार फुटांवर मुरूम लागला, पहार आणावी लागली.
पुण्याहून सगळे आले.
एकशे सव्वीस. मी मोजले,
मोजायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
पेटी वाजवली कुणीतरी. मुक्या पट्ट्यांपाशी
गाणं तेवढं तेवढं रिकामं राहिलं.

वही आता माझ्या कपाटात असते.
खरवडलेली पानं खिडकीशी धरली
तर त्या जागांमधून ऊन आत येतं.
शेवटची नोंद टोल्यांआधीच करून ठेवलेली:
तारीख आहे. ज्वारी, दोन मुठी, आहे.
हजेरी कोरी.
मी पेन काढतो, परत खिशाला लावतो.

परवा बिराजदारचा फोन.
‘साहेब, भंगारवाला आलाय, रूळ मागतोय. दिऊ का?’
म्हणालो, नको. येतोय मी रविवारी.
‘ह्यो रविवार तुमचा न्हाई की वो.’
येतोय, म्हणालो. चहा टाकून ठेव.