खुंटी

दात हलतोय, काढून टाका, म्हणाले बंदेनवाजचाचा.
हाताला लाखेचा वास, नखांत भोपळ्याची भुकटी.
मिरजेत चाळीस वर्षं सतारी जुळवणारा माणूस
थुंकला, तर बेसिनात पाणी गुलाबी.
"उष्णता हो, दुसरं काय."

मी हिरडीत सळई सरकवली.
तीन. पाच. सात मिलिमीटर.
मग विचारलं : रात्री किती वेळा उठता?
पायाला मुंग्या येतात? जखम चिघळते?

चाचा हसले. "दाताला आलो, डॉक्टरीणबाई,
तुम्ही पायापर्यंत पोचलात!"

मला सोपं करून सांगता येईना.
हिरडीची सूज साखर चढवते,
साखर हिरडी सुजवते, वगैरे.
ते छताकडे बघत राहिले, तोंड उघडंच.
मग कापूस काढून स्वतःच बोलले :
"खुंटी ढिली झाली की पोरं खडू लावतात.
मी आधी लाकूड वाजवून बघतो.
आत ओल असली तर
खुंटीला बोलून काय फायदा?"

दात काढला नाही.

आठवड्यानं आले. तारांच्या पुडीत
घडी घातलेला कागद : तीनशे बारा.
टेबलावर ठेवला,
आणि वाकून, कान देऊन,
बोटानं छातीवर टकटक केलं,
भोपळा निवडताना करतात तसं.