बावन्न वेढे

सेलूच्या मोंढ्यामागं माझं दुकान,
पत्र्यावर रंगानं लिहिलंय : मोटार भरून मिळेल.
सत्तावीस वर्षं भरतोय.
एका खाचेत बावन्न वेढे तांब्याचे,
तोंडातल्या तोंडात मोजत.
मोजताना कुणी रामराम घातला
तर मान हलवायची, आकडा सोडायचा नाही.

मग सोलरचे पंप आले.
मोटारीसोबत एक पांढरी पेटी,
पेटीत हिरवी पाटी, पाटीवर मुंग्यांचं गाव.
वालूरचं गिऱ्हाईक म्हणालं, पेटी बोलत नाही.
मी म्हणालो, ठेवून जा.
ठेवून जा म्हणजे मला येत नाही,
हे मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

भाची अश्लेषा परभणीला शिकते,
तिनंच मोबाईलवर माझं नाव घातलं.
आठ आठवडे, फुकट. सर्टिफिकेट पाहिजे तर पैसे.
फॉर्ममध्ये शिक्षण विचारलं.
नववी, मी म्हणालो. यादीत नववी नव्हती.
तिनं ‘इतर’ वर बोट ठेवलं.
बरं वाटलं. नापासापेक्षा इतर बरं.

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढतो,
मोबाईल वार्निशच्या डब्याला टेकवतो
आणि सर येतात.
सरांची हिंदी, त्यात इंग्रजी खड्यासारखी,
मी ज्वारी निवडावी तसा निवडत बसतो.
सर पळायला लागले की बोट ठेवतो,
सर थांबतात, तोंड उघडं, हात हवेत.
शेजारचा पंक्चरवाला अन्वर म्हणतो,
मास्तरचा पुतळा केलास की रे.

शाळेत असं कुठं होतं.
तिथं ‘कळलं का’ हा प्रश्न नव्हता, दम होता.
इथं मी एकच वाक्य अकरा वेळा ऐकलं :
कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय हात लावू नका.
अकराव्या वेळीही आवाज चढला नाही.

पहिल्या परीक्षेत दहात तीन.
खाली अक्षरं उमटली : पुन्हा प्रयत्न करा.
मी दुकानात इकडंतिकडं पाहिलं,
दुसऱ्या कुणाला म्हणतायत की काय.

रेंज गेली की ते गोल चक्र फिरतं
आणि सवयीनं मी त्याचेही वेढे मोजतो.
एकदा चौतीसला सर परत आले.
एकदा आलेच नाहीत.

सातव्या आठवड्यात पेटी खोलली.
आधी कपॅसिटर रिकामा केला, बल्ब लावून.
मग मीटर. लाल टोक इथं, काळं तिथं,
सर जिथं जिथं टेकवतात तिथं तिथं.
इथवर ठीक. इथवर ठीक. इथून पुढं मेलेलं.
वाकून पाहिलं,
तर दोन पट्ट्यांच्या मधे एक पाल,
वाळून कागद झालेली,
पाय या पट्टीवर, शेपूट त्या पट्टीवर.
आठ आठवड्यांत पालीचा धडा कुठंच नव्हता.

अन्वर हसून हसून टायरवर बसला.
एवढं शिकून काय, म्हणाला, झाडू पुरला असता.
त्याला कसं सांगू,
पाल मी शोधलीच नाही.
शेवटच्या ठीक जागेपासून
फक्त एक बोट पुढं सरकलो.

फ्यूज बदलला, एक जळका डायोड बदलला.
हिरवा दिवा लागला.
वालूरवाल्यानं विचारलं, किती झाले?
मला किंमत सांगता येईना,
ती कुठल्याच धड्यात नव्हती.
पाल मात्र पुडीत बांधून ठेवलीय,
सर कधी भेटले तर दाखवीन.

आज शेवटचा आठवडा.
डब्याला टेकून सर बोलायला लागलेत
आणि माझ्या मांडीवर एक अर्धी मोटार,
उद्या सकाळी द्यायची आहे.
एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.
कोपरानंच पडदा दाबला.
सर, जरा थांबा.
बावन्न होऊ द्या.