सौदा

दिवसभर मी आकडे ओरडतो.
सांगलीच्या यार्डात राजापुरी हळदीचे ढीग,
त्यांच्यामधनं हिंडत
सोळा हजार, सोळा शंभर, दोनशे, बोला, बोला.
संध्याकाळी घशात उरते ती नुसती पिवळी धूळ.

दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात,
त्यामुळं रात्र लांबलचक
आणि श्रेणिक चार वर्षांचा.

पुस्तकं वरच्या फळीवर असतात,
भिंतीवरच्या पुराच्या रेघेपेक्षा हातभर वर.
आम्ही दोघं मात्र रेघेखाली,
एका वाकळेत.

"पप्पा, बोकड."
काल बोकड, परवा बोकड.
बोकडानं शाळेची घंटा गिळली आहे.
तो जिथं जाईल तिथं टण टण होतं
आणि पोरं दप्तरं उचलून घरी पळतात.
मी वाचतो, हेडमास्तर रागावले.
"तसं न्हाई. रागवून दाखव की."
मी रागावतो. आवाज फाटतो.
"अजून."
गल्लीतलं कुत्रं उठतं.
आतनं सुनेत्रा म्हणते, अहो, शेजारी माणसं राहतात.

एकदा दमलो होतो, दोन पानं एकदम उलटली.
त्याला ग म भ न येत नाही,
तरी डोळे न उघडता म्हणाला, "डॉक्टर कुठं गेला?"
पोत्यात किलोभर कमी भरलं
तर बाबूलाल नदाफांना खांद्यावरच कळतं, तसं.
मागं गेलो. डॉक्टर घेऊन आलो.

सातव्या पानावर माझा अंगठा उमटलाय,
साबणानं दोनदा धुतलेला, तरी पिवळा,
बरोबर बोकडाच्या पोटावर.
पुस्तक बालवाडीच्या पेटीतलं. शनिवारी परत द्यायचं.
मुलाणी बाईंना काय सांगू, या विचारात मी,
आणि हा म्हणतो, घंटा हितं हाय.

माझे आज्जा भाव करायचे रुमालाखाली.
ओरडायचं काम नाही.
कापडाखाली दोन हात, बोट दाबलं की आकडा समजायचा,
वरनं दोघंही असे बसलेले
जणू बसची वाट बघायलेत.
हे मी त्याला सांगितलं एकदा, गोष्ट म्हणूनच.
तेव्हापासनं बोकड संपला की तो बोलत नाही.
वाकळेखालून हात येतो,
माझी दोन बोटं धरतो, दाबतो.
आणखी दोनदा.
मी एक सोडवून घेतो.
तो तीन धरतो.
इतकी वर्षं अडत दुकानात काढली,
असं उलटं गिऱ्हाईक बघितलं नाही.
सुनेत्राला वाटतं, झोपले दोघं.

आज तीनवर ठरलं.
दुसऱ्या खेपेला, डॉक्टर पोटाला कान लावतो तिथं,
त्याची बोटं सैल व्हायला लागली.
एक सुटलं. दुसरं.
"ऐकायलास का रे?"
"ऐकायलोय," असं काहीतरी, उशीत.
मग तिसरंही सुटलं.

पुस्तक मिटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं.
उद्या सकाळी सातला गाड्या लागणार,
वायगावची शंभर पोती, अजून कुठली कुठली.
पण बोट दिलेलं होतं.

पहिलं पान काढलं.
बोकड गवत शोधत शाळेत शिरला,
हेडमास्तर रागावले, हळू,
पोरं पळाली अनवाणी, कुणाला ऐकू न येता.
जिथं जिथं टण आलं
तिथं मी फक्त ओठ हलवले.